कोपऱ्यातला अकरा

दसऱ्याच्या सकाळी मी कॉम्प्युटरला अक्षता वाहिल्या आणि त्या आत पडल्या.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. कोकणातल्या घरी कोयती, कुदळ, पहार अशी खरीखुरी हत्यारं मांडायचे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत हत्यारं म्हणजे बायकोचं शिलाई मशीन, मिक्सर, खाली उभी असलेली माझी स्कूटर आणि लेकीने मागे ठेवलेला कॉम्प्युटर. सगळ्यांना झेंडू, हळदकुंकू, अक्षता. शिलाई मशीनला डोक्यावर जाळी नसते, सीपीयूच्या डब्याला असते, हे मला रोज बघूनही ठाऊक नव्हतं. चिमूटभर तांदूळ जाळीतून खाली गेले आणि बटण दाबल्यावर आत कोणी वाटाणे भाजतंय असा आवाज यायला लागला.

"अक्षता टाकल्यात वरून?" बायको म्हणाली. "लग्न लावताय त्याचं?"

"पूजेला लागतात अक्षता."

"पायाशी ठेवायच्या असतात, अहो. डोक्यावर नवरदेवाच्या टाकतात."

डबा उघडून तिच्या भुवयांच्या चिमट्याने मी अकरा-बारा दाणे बाहेर काढले. आवाज थांबला. मला वाटलं, झाली तेवढी चूक झाली, निस्तरलीही. खरं तर त्या दिवशीची चूक ती नव्हतीच. खरी चूक मी पूजेच्या आधी करून बसलो होतो, आणि ती करताना मला फार समाधान वाटलं होतं.

मी एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. अठ्ठावीस वर्षं झाली. वस्तू पुसायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची, तोंड उघडं असेल तर टोपण बसवायचं आणि जागेवर ठेवायची, एवढंच मला जगात नीट येतं. म्हणून पूजेआधी मी कॉम्प्युटरच्या सगळ्या तारा उपटल्या, मागची बाजू ओल्या कपड्याने, मग कोरड्या कपड्याने पुसली. कोणीतरी मागे व्हाइटनरचा डाग पाडला होता, तोही नखाने खरवडला. मग टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तारा परत लावल्या. मॉनिटरची तार बसेल अशी दोन भोकं होती, एक वर, एक खाली. वरचं हाताला आलं. तिथे तार बसली. खालचं रिकामं राहिलं, ते मला बघवेना. घरात एका बिस्किटाच्या डब्यात मी काय काय जपून ठेवतो, त्यात त्याच मापाचं काळं रबरी टोपण निघालं. ते बसवलं. वस्तू जपून ठेवली की कधीतरी कामाला येतेच, असं बायकोला ऐकवलंसुद्धा.

आता हा कॉम्प्युटर माझा कसा काय, ते सांगायला हवं. लेकीने तो कॉलेजात असताना जोडून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी आयर्लंडला गेली, जाताना म्हणाली, "बाबा, हा तुझ्यासाठी ठेवतेय. यावर आपण दोघं खेळायचं." मला वाटलं, निघताना पोरं काहीतरी बोलतात तसं बोलतेय. पण तिने खरंच त्यात एक गेम घालून ठेवला होता. एक बेट. त्यावर दोनच माणसं, ती आणि मी. झाडं तोडायची, मासे धरायचे, होडी बांधायची, घर उभं करायचं. मारामारी नाही. मारामारी असती तर मी पहिल्याच रविवारी मेलो असतो. तरी एकदा मी स्वतःच लावलेल्या चुलीत चालत गेलोच.

दर रविवारी दुपारी तीनला, म्हणजे तिच्या सकाळी, आम्ही बेटावर भेटायचो. कानाला हेडफोन लावून मी मासे धरायचो, ती लाकडं तोडायची, आणि बोलायची.

यात काय मोठंसं, असं कोणाला वाटेल. लेकीशी फोनवर बोलता येत नाही का? मला येत नाही. फोनवर मी म्हणतो, "हॅलो, बरी आहेस ना? जेवलीस? थंडी आहे का? घे, आईशी बोल." आयुष्यभर हेच बोलत आलोय. ती शाळेच्या सहलीला माथेरानला गेली होती तेव्हाही हेच बोललो, थंडीसकट. समोर चेहरा असला, मग तो व्हिडिओवर का असेना, की माझी जीभ टाळ्याला चिकटते. बेटावर मात्र तोंड दिसत नाही. दोघांची पाठ एकमेकांकडे, हाताला काम, आणि मध्येच आवाज येतो, "बाबा, आईला सांगू नकोस, पण परवा ऑफिसातून येताना बसस्टॉपवर मी रडले." मी मासा ओढत विचारायचो, "का गं?" आणि ती सांगायची. घर सोडलेली रूममेट, साहेबाचे टोमणे, एकटीने काढलेला तापाचा आठवडा. बावीस वर्षं आमच्या घरात राहून तिने मला जितकं सांगितलं नसेल, तितकं त्या बेटावर सांगितलं.

दसऱ्याआधीच्या रविवारी आम्ही झोपडीचं छप्पर शाकारायला घेतलं होतं. अर्ध्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय तुला. मोठं आहे."

"सांग की."

"आज नको. छप्पर पूर्ण होऊ दे. पुढच्या रविवारी, आत बसून सांगते."

मी हसलो. दार नसलेल्या, भिंती अर्ध्या असलेल्या झोपडीत आत बसून म्हणे. पण त्या आठवड्यात मी स्टोअरमध्ये दोनदा चुकीचं सामान दिलं. मोठं म्हणजे काय? कोणी मुलगा? नोकरी सोडतेय? की परत येतेय? शेवटचं मी मनातल्या मनात इतक्या वेळा घोकलं, की ते ठरल्यासारखंच वाटायला लागलं.

मग दसरा आला. आणि पुढच्या रविवारी तीन वाजता मी बेटावर उतरलो तर बेट हलेना.

म्हणजे हलायचं, पण झटक्या-झटक्याने. मी पुढे जायचं बटण दाबलं की माझा माणूस आधी उभा, मग एकदम चार पावलं पुढे, मग झाडात. लेक म्हणाली, "बाबा, वर कोपऱ्यात पिवळा आकडा दिसतोय का? किती आहे?"

"अकरा."

"अकरा? साठ असायला हवा."

तिने मला तो आकडा समजावला. लहानपणी भूगोलाच्या वहीच्या कोपऱ्यात तिने पानोपानी एक सूर मारणारा माणूस काढला होता. पानं भरभर उलटली की तो पाण्यात उडी घ्यायचा, सावकाश उलटली की हवेत लटकायचा. तसंच. मशीन सेकंदाला साठ पानं उलटतं, तेव्हा माणूस चालतो. आता ते अकराच उलटत होतं, आणि मी हवेत लटकत होतो.

"बाबा, मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डातच लावलीयस ना? खालच्या भोकात? चित्रं भरभर काढायचं काम तेच कार्ड करतं. तू म्हणालास ना, साफ केलंस."

पहिल्याच दिवशी, पहिलाच प्रश्न. आणि मी काय म्हणालो?

"अगं, अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. जिथली वस्तू तिथे."

"तरी एकदा वाकून बघ ना."

"बघितलं."

मी खुर्चीतून हललोही नव्हतो. गुडघे दुखत होते, टेबल भिंतीला चिकटलेलं होतं, आणि लेकीने माझ्या मांडणीवर शंका घ्यावी याचा थोडा रागही आला होता. स्टोअरमध्ये कोणी न बघता "बघितलं" म्हणालं तर मी त्याला सगळ्यांसमोर परत पाठवतो. माझ्या डोक्यावर मात्र साहेब नव्हता.

"मग दुसरं काहीतरी आहे," लेक म्हणाली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिथून सगळं घसरत गेलं.

त्या रविवारी आम्ही सेटिंगमध्ये शिरलो. "सावल्या बंद कर." केल्या. अकरा. "पाण्यातलं प्रतिबिंब बंद कर." बारा. "गवत कमी कर." मी गवत सगळंच काढलं. तेरा. त्या आनंदात चालायला गेलो तर कड्यावरून खाली पडलो, आणि ती मला आणायला आली. तास संपला. छप्पर तसंच.

पुढच्या रविवारी लांबचे डोंगर काढले. त्याच्या पुढच्या रविवारी ढग. दिवाळीच्या सुमारास आमच्या बेटावर मळकट तपकिरी जमीन, खोडांसारखी झाडं आणि धुकं एवढंच उरलं होतं. सावली नसलेला माझा माणूस त्यावर उभा असायचा. आकडा चौदापर्यंत चढला आणि पुन्हा अकरावर येऊन बसला.

"बाबा, ऐक ना," ती एकदा म्हणाली. आवाज वेगळा होता, लाकडं तोडताना मनातलं सांगायची तेव्हाचा. "ते मी म्हणाले होते ना..."

"थांब गं, एक मिनिट. हा आता नऊ दाखवतोय. मागे कुठला प्रोग्रॅम चालू आहे का बघतो."

मी बघत राहिलो. बघून झालं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, निघते. कपडे धुवायचेत."

हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त आकडा वहीत लिहिला.

हो, मी वही केली होती. रविवार, काय काय काढलं, आकडा किती. बायको म्हणायची, "तापाचा तक्ता ठेवताय का पेशंटचा?" घरातला टेबलफॅन उघड्या डब्यासमोर लावला, आणि आम्ही दोघं घाम पुसत बसलो. आणखी तांदूळ राहिले असतील म्हणून बायकोने टॉर्च धरला आणि मी चिमटा; दोन दाणे आणखी निघाले, एकावर कुंकू होतं. आकडा अकरा. वर्तकनगरची माझी ताई भाऊबीजेला आली, तिने खोलीच्या दारातूनच निदान केलं, "दक्षिणेकडे तोंड आहे रे त्याचं. कसा चालेल?" मी हसलो, आणि ती गेल्यावर टेबल फिरवलं. पूर्वेला तोंड करूनही अकराच. नवीन दिशेला डोळ्यांवर ऊन मात्र यायचं.

नाताळच्या सुमारास मी डबा जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन कल्याणला नेला. स्टेशनजवळच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस बसतो. त्याने चादर सोडताना विचारलं, "काका, कोण आजारी आहे?" त्याने डबा उघडला, धूळ उडवली, आत चिपवर कसलासा पांढरा लेप लावला, मग स्वतःचा मॉनिटर ओढून त्याची तार डब्याला लावली. लावण्याआधी काळं टोपण काढून काउंटरवर ठेवलं. आमचं बेट चालू केलं. आकडा साठ.

"काका, मक्खन चालतंय. काय प्रॉब्लेम आहे?"

मी बघतच राहिलो. माझा माणूस त्या उजाड बेटावर पळत होता. मी त्याला झोपडीपर्यंत पळवला आणि परत आणला. दुकानात उभ्या उभ्या डोळे भरून आले, आणि त्या माणसाने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

"घरी अकरा दाखवतो," मी म्हणालो.

"मग मशीनला काही नाही. घरच्या लाइटचा लोचा असेल. व्होल्टेज चेक करून घ्या." आणि डबा परत गुंडाळताना म्हणाला, "हे टोपण राहिलं बघा तुमचं."

ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं. घरी आलो, तार वरच्या भोकात लावली, आणि खालच्या भोकावर टोपण बसवलं. किती मन लावून बसवलं, ते मला आजही बोटांत आठवतं.

अकरा.

त्यानंतर माझा धीर सुटला तो सुटलाच. मशीन चांगलं, म्हणजे दोष घरात. वायरमन आला, त्याने व्होल्टेज बघितलं आणि म्हणाला, एकदम ओके आहे. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. रविवारी तीनला मी बसायचो, ती यायची, "किती?" विचारायची, मी "अकरा" म्हणायचो. नुसती हाक मारावी तसा ती तो प्रश्न विचारायची, नुसती ओ द्यावी तसं मी उत्तर द्यायचो. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची वीस मिनिटं. जानेवारीच्या शेवटी तिचा निरोप आला, "बाबा, आज राहू दे का?" मग ती रविवारी पोहायला जायला लागली. चांगलंच आहे, मी लिहिलं. खरंच चांगलं होतं. मी वहीत त्या रविवारी रेघ मारली.

फोन चालू होता. "बरी आहेस ना? जेवलीस? थंडी कमी झाली का? घे, आईशी बोल." मग बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार ओढून घ्यायची. मला वाटायचं, कुकरचा आवाज होतो म्हणून.

पाडव्याची साफसफाई आली. टेबल पुढे ओढलं, फडकं घेतलं, मागे बसलो. मी टोपणंही पुसतो. काळं टोपण काढलं, पुसलं, आणि परत लावायला गेलो तेव्हा खालच्या भोकाशेजारी व्हाइटनरची एक बारीक रेघ दिसली. दसऱ्याला मी डाग म्हणून खरवडला होता, त्यातली नखातून सुटलेली. टॉर्च लावून बघितलं. रेघेच्या टोकाला अर्धा बाण होता. भोकाकडे रोखलेला.

स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला मी चिठ्ठी लावतो. हे बघत लेक मोठी झाली. जाताना बापासाठी तिने खूण करून ठेवली होती, तार कुठे लावायची याची, आणि बापाने ती पुसून स्वच्छ केली होती.

वरची तार उपटली, खाली लावली. दोन सेकंदांचं काम. खुर्चीत बसलो, बेट उघडलं. कोपऱ्यात पिवळा आकडा, साठ. मग मी एकेक करून सगळं परत आणलं. ढग, डोंगर, गवत, पाण्यातलं प्रतिबिंब, सावल्या. साठ. गवताचं पातं न् पातं हलत होतं.

लेकीला निरोप पाठवला, "साठ आला. वायर चुकीच्या जागी होती. चूक माझी. न बघता बघितलं म्हणालो होतो. रविवारी तीनला?"

उत्तर दुपारी आलं. "अरे बाबा! कमाल करतोस. बरं झालं. पण मी तो गेम काढून टाकला रे, जुना लॅपटॉपही देऊन टाकला. आताचा ऑफिसचा आहे, त्यावर काही घालू देत नाहीत. फोनवर बोलू ना."

फोनवर बोलू. बरी आहेस ना, जेवलीस, थंडी.

रविवारी तीनला मी तरीही बसलो. हेडफोनही लावला, सवयीने. बेट माझ्याच मशीनवर असल्याने मला एकट्याला उतरता येत होतं. तिची कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली तशीच होती. झोपडीचं छप्पर अर्ध्यावर. मी झावळ्या तोडल्या, वर चढलो, एकदाही पडलो नाही. पंचवीस मिनिटांत छप्पर पूर्ण झालं. एवढंच काम होतं ते. खाली उतरून आत जाऊन बसलो. आत सावली होती.

बायको चहा घेऊन आली. थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती.

"ती नाही आली?"

"तिने गेम काढून टाकलाय."

"मग तुम्ही काय करताय?"

"छप्पर. ते झालं की ती मला काहीतरी सांगणार होती."

तिने कप टेबलावर ठेवला, त्यावर बशी झाकली, आणि पलंगाच्या कडेला बसली. मी हेडफोन काढला.

"ती तिकडेच राहणार आहे," बायको म्हणाली. "कायमची. तिथलाच एक मुलगा आहे, चांगला आहे, घर बघतायत दोघं. मला दिवाळीत सांगितलं तिने. म्हणाली, बाबाला तू सांगू नकोस, मी सांगते, खेळताना."

"आणि तू इतके महिने गप्प?"

"तिने सांगायचं होतं ते. मी कसं सांगू?" तिने पडद्याकडे बघितलं, त्या हलणाऱ्या गवताकडे. "दर रविवारी चहा घेऊन आले की आधी तुमच्या त्या कोपऱ्यात बघायचे मी. अकरा दिसला की बरं वाटायचं. म्हणायचे, चला, आजही नाही कळणार यांना. घ्या, चहा गार होतोय."